नायगाव ते नागाव : समुद्रावर तंबू ठोकायचाय? मग सुट्टीसोबत तिथीही बघा

महाराष्ट्रात नायगाव नावाची गावं बरीच आहेत. त्यातलं एक वसईच्या खाडीला लागून आहे. तिथल्या माणसाला समुद्र बघायला सुट्टी टाकावी लागत नाही. दुसरं नायगाव नांदेड जिल्ह्यात, नांदेडहून देगलूर-हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर. या नायगावच्या शिवारात पडलेला पाऊस गोदावरीतून वाहत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो. पण इथल्या पोरांचा ग्रुप मात्र समुद्र म्हटलं की उलट्या दिशेला, अरबी समुद्राकडे निघतो. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर.

हल्ली कॅलेंडर हातात आलं की पहिलं काम ठरलेलं असतं. शनिवार-रविवारला चिकटून आलेल्या सुट्ट्या शोधायच्या, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढायचा आणि प्लॅन टाकायचा. "अलिबागजवळ नागाव, बीचवर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी पापलेट थाळी." रील बघून सगळे हो म्हणतात. गाडीत किती जण बसतात, पेट्रोलचे किती, तंबूचे किती, सगळा हिशोब होतो.

एक गोष्ट मात्र त्या हिशोबात कधीच नसते. त्या दिवशी तिथी कोणती?

आता तुम्ही म्हणाल, फिरायला जायचं तर पंचांग कशाला? लग्न थोडंच लावायचंय?

मुद्दा मुहूर्ताचा नाहीच. सुट्टी सरकारी कॅलेंडरवर चालते आणि समुद्र चंद्रावर चालतो. तंबू कुठे लावला तर रात्री कोरडा राहील, पाण्यात कधी उतरू नये, बाजारात कोणता मासा जास्त दिसेल, या तिन्हींची बरीचशी उत्तरं तिथीत असतात. किनाऱ्यावरच्या माणसाला हे लहानपणापासून माहीत असतं. मराठवाड्यातून जाणाऱ्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

तर तेच नीट समजून घेऊ.

आधी वेळेचा हिशोब

लॉंग वीकेंड म्हणजे तीन दिवस. नांदेडहून मुंबईला देवगिरी, तपोवन, राज्यराणी, नंदीग्राम अशा गाड्या आहेत. मुंबईत उतरून गेटवे किंवा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा आणि तिथून अलिबाग, हा एक रस्ता. गेटवेच्या छोट्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे लक्षात ठेवायचं. नांदेड-पनवेल एक्सप्रेस लातूर-पुणे मार्गे थेट पनवेलला सोडते. तिथून पेणमार्गे एसटीने अलिबाग. स्वतःची गाडी असेल तर लातूर, सोलापूर किंवा बार्शीकडून पुणे गाठायचं आणि घाट उतरायचा.

कसंही गेलात तरी जाण्यात एक रात्र जाते आणि येण्यात एक. म्हणजे समुद्रावर हातात उरते ती एक संध्याकाळ, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचे काही तास.

आणि खरी गोम इथेच आहे. बहुतेक ग्रुप किनाऱ्यावर पोचतो तो दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी. रात्रभराचा प्रवास झालेला, झोप अपुरी, पोटात भूक. समोर पहिल्यांदाच एवढा मोठा समुद्र. अशा वेळी माणूस समोर जे दिसतं त्यावरून ठरवतो. "पाणी बघ किती लांब आहे. लाव इथेच तंबू."

पाणी लांब आहे हे बरोबर. पण ते आत्ता लांब आहे.

भरती-ओहोटी होते कशी?

नांदेडकराला पाणी नवं नाही. गोदावरीचा पूर त्याने बघितलेला असतो. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची गोष्ट तर पाठ असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याची दारं १ जुलैला उघडतात आणि २९ ऑक्टोबरला बंद होतात. तारीख ठरलेली, दार ठरलेलं.

समुद्राचंही वेळापत्रक ठरलेलंच असतं, फक्त तिथे दार नसतं. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो.

चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला ओढतो. चंद्राच्या बाजूला पाणी फुगतं, तसंच बरोबर विरुद्ध बाजूलाही फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपला किनारा दिवसभरात या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून दोन भरत्या. एका भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. चंद्रही दरम्यान थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आज बाराला असेल तर उद्या पाऊणच्या पुढे.

यात सूर्याचाही हात असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते. पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खूप खाली जातं. याला किनाऱ्यावर म्हणतात उधाण. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात. दोघांची ओढ एकमेकांना कापते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. याला म्हणतात भांग.

फरक किती? मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून जास्त अंतर असतं. म्हणजे घराचा एक अख्खा मजला. भांगाच्या दिवसांत तेच अंतर दीड मीटरच्या आसपास येतं. अलिबागची गोष्ट फार वेगळी नाही. दक्षिणेकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडे जावं तसा हा फरक कमी होत जातो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे फोटो आठवा. एका फोटोत लोक वाळूतून चालत किल्ल्यात जातायत. दुसऱ्या फोटोत त्याच किल्ल्याला चारही बाजूंनी पाणी. दोन्ही फोटो एकाच दिवशी काढता येतात. किल्ला बघायला गेलेले लोक वेळ न बघता आत रमले, की परत येताना कमरेएवढं पाणी, असं होतं ते याचमुळे.

कोकणातला जुना हिशोब : तिथीची पाऊणपट

भरती किती वाजता हे काढायची एक जुनी युक्ती आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तेवढ्या वाजता भरती.

चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती आणि मध्यरात्री पुन्हा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशोब तोच.

हा हिशोब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, जागा बदलली की थोडा बदलतो. अचूक वेळ मोबाईलवर त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात मिळते. पण रेंज गेली, बॅटरी संपली तरी भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणपट कुठेही चालते.

एकच वाळू, तीन सुट्ट्या

आता हे प्रत्यक्षात लावून बघू. उदाहरणाला २०२६ सालच्या तीन सुट्ट्या घेऊ.

पहिली, २६ जानेवारी. वार सोमवार, म्हणजे शनिवार ते सोमवार सुट्टी. रविवारी २५ तारखेला रथसप्तमी आणि सोमवारी अष्टमी. ग्रुप शनिवारी दुपारी पोचतो. त्या दिवशी षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती. संध्याकाळी समोर दिसणारं पाणी जवळपास वरच्या पातळीलाच आहे. रात्री ते मागे जाईल आणि पहाटे साधारण तिथेच परत येईल. शिवाय भांगाचे दिवस. तंबूच्या दृष्टीने यापेक्षा बरी वेळ नाही.

दुसरी, १ मे. महाराष्ट्र दिन शुक्रवारी, पुढे शनिवार-रविवार. तीन दिवसांची सुट्टी, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, किनाऱ्यावर तुफान गर्दी. आणि तिथी? बुद्धपौर्णिमा. म्हणजे उधाण. भरती दुपारी बाराच्या सुमाराला, ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास आणि पुढची भरती मध्यरात्री.

म्हणजे काय होतं बघा. ग्रुप संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोचतो. नेमक्या त्याच वेळी पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. समोर भलामोठा वाळूचा पट्टा, सपाट, ओलसर, गार. तंबू लावायला याहून चांगली जागा कुठली? लावला. पहिले दोन तास पाणी हळूच सरकतं, कुणाला कळतही नाही. पाण्याच्या एकूण चढाचा जेमतेम पाव भाग या दोन तासांत होतो. पण पुढच्या दोन तासांत, म्हणजे साधारण आठ ते दहा, निम्मा चढ होतो. ही शेकोटीची, गाण्याची, मासे भाजायची वेळ. सगळ्यांची तोंडं विस्तवाकडे आणि पाठ समुद्राकडे. उरलेलं पाणी बारापर्यंत येतं, तेव्हा ग्रुप झोपलेला असतो.

अशा वेळी पाण्यात जाते ती नुसती चटई नाही. मोबाईल, गाडीच्या किल्ल्या, अंधारात घाबरलेलं लहान पोर. वाळूवर आणून लावलेली गाडी असेल तर चाकं रुततात आणि पाणी इंजिनात शिरतं. भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर मोसमात फिरतात, त्यातल्या कितीतरी गाड्यांची गोष्ट हीच असते.

तिसरी, १५ ऑगस्ट. वार शनिवार. १२ ऑगस्टला अमावास्या, म्हणजे १५ ला श्रावण शुद्ध तृतीया. उधाण ऐन पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस नंतरही जोरात असतं. त्यात पावसाळा. वारा, लाटा आणि उधाण तिन्ही एकत्र. मुंबई महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, ते काही उगाच नाही. या सुट्टीत समुद्र लांबून बघायचा. वाळूवर तंबूचा विचारही नको.

मग तंबू लावायचा कुठे?

किनाऱ्यावर चालताना वाळूत एक ओळ दिसते. सुकलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळा कचरा एका रेषेत पडलेला असतो. मागची भरती कुठपर्यंत आली होती, त्याची ती खूण. अशा दोन ओळी असतील तर वरची ओळ उधाणाची. तंबू त्या वरच्या ओळीच्याही बराच मागे हवा.

नागाव, आक्षी, काशीद या भागात किनाऱ्याला लागून सुरूची झाडं आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. तिथे खाजगी जागेत तंबू लावून देणारे आहेत. जागा, पाणी, संडास, दिवा आणि सोबतीला गावातला माणूस. समुद्र पन्नास-शंभर पावलांवर, पण पाणी तिथे येत नाही. पैसे थोडे जास्त जातात, पण रात्री झोप लागते. जागा ठरवताना फोनवर एकच प्रश्न विचारायचा : "पौर्णिमेच्या भरतीचं पाणी तुमच्या जागेपासून किती लांब राहतं?" ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडे जावं.

नारळाखाली तंबू लावायचा नाही, हे सांगायची गरज वाटत नाही. तरीही लोक लावतात.

आणखी एक गोष्ट. कोकणात वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. हा मोसम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे माणसाला तंबू आणि शेकोटी करावीशी वाटते. उजेड दिसला की मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालायला लागतात. असा किनारा असेल तर रात्री वाळूवर उजेड आणि गाडी, दोन्ही नको.

"मला पोहता येतं" हे वाक्य

मराठवाड्यातली पुष्कळ पोरं विहिरीत पोहायला शिकलेली असतात. कमरेला डबा किंवा भोपळा बांधून, काठावरून कुणीतरी ढकलून. विहिरीत पाणी उभं असतं. नदीत एका दिशेला वाहतं. समुद्रात ते पुढे येतं, मागे जातं आणि मधूनच भलत्याच वाटेने बाहेर पळतं.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठूनतरी परत जायला हवं. ते सगळीकडून सारखं जात नाही. वाळूच्या तळाला जिथे घळ असते, तिथून ते जोरात आत, खोल समुद्राकडे ओढलं जातं. वरून बघितलं तर ही जागा फसवी दिसते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गडद. नवख्या माणसाला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथेच उतरावं. खरं तर तिथेच उतरायचं नसतं.

अशा ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहायची धडपड करू नका. तिथे पट्टीचा पोहणाराही दमतो आणि बुडतो तो दमल्यामुळे. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. हा पट्टा फार रुंद नसतो, त्याच्या बाहेर आलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. आडवं पोहणं जमत नसेल तर नुसतं तरंगायचं, एक हात वर करायचा आणि ओरडायचं. बाहेरच्यांनीही मागोमाग पाण्यात उडी मारायची नाही. दोरी, रिकामा कॅन, गाडीच्या चाकाची ट्यूब, जे तरंगतं ते फेकायचं आणि जीवरक्षकाला बोलवायचं. एकाला वाचवायला तिघं जातात आणि चौघंही परत येत नाहीत, असं अनेकदा झालंय.

वेळ कोणती टाळायची? पाणी उतरत असतानाची, कारण तेव्हा ओढ समुद्राकडे असते. उधाणाच्या दिवशी भरती बाराला असेल तर दुपारी दोन ते चार ही उतरतीच्या जोराची वेळ. आणि लोक पाण्यात उतरतात ते नेमके जेवून, दोन-तीन वाजता.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भांग आहे म्हणजे समुद्र सुरक्षित, असा अर्थ मुळीच काढू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्या एका कॉलेजची सहल मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर आली होती. पाण्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांपैकी १४ जण बुडून गेले. ना पावसाळा, ना वादळ. हिवाळ्यातली दुपार होती आणि पंचांगात तिथी होती वद्य अष्टमी, म्हणजे भांग. तिथी भरतीची वेळ आणि पाण्याची उंची सांगते. तळाला कुठे खड्डा आहे, ओढ कुठे आहे, हे ती सांगत नाही. ते गावातल्या माणसाला माहीत असतं. म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला, कोळ्याला, नारळपाणीवाल्याला विचारायचं. लाल झेंडा असेल तर विषय संपला. दारू प्यायली असेल तरीही संपला. आणि पाणी कितीही शांत दिसलं तरी गुडघ्याच्या वर जायचं नाही, हा नियम नवख्याने पाळलेला बरा.

आता ताटाकडे वळू

एवढ्या लांब जायचं तर मासे खाल्ल्याशिवाय परत कोण येणार? नांदेडकडे बाजारात मिळतात ते रोहू, कटला, मरळ, चिलापी. सगळे गोड्या पाण्यातले. समुद्राचा मासा नायगावच्या बाजारात येतो तो वाळलेला, सुकट आणि सुके बोंबील होऊन. ताजा बोंबील पहिल्यांदा हातात घेतला की माणूस गोंधळतो. हा इतका लुसलुशीत कसा? तर त्याच्या अंगात पाणीच खूप असतं. म्हणूनच तो वाळवतात.

इथेही तिथी येते. रायगड-मुंबई-पालघरच्या पट्ट्यात कोळी लोक डोलीची जाळी लावतात. मोठ्या पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी घट्ट बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि मासळी आपोआप जाळ्यात येते. म्हणजे पाण्याला जितकी ओढ, तितकी मासळी. म्हणून उधाणाच्या दिवसांत बोंबील, मांदेली, जवळा, करंदी ही मासळी चांगली येते आणि भांगात डोलकर थंडावतात. चिंबोऱ्यांबद्दलही किनाऱ्यावर सांगतात की अमावास्येच्या सुमाराच्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेच्या पोकळ. पटत नसेल तर सोपा उपाय आहे. दोन सारख्या आकाराच्या चिंबोऱ्या हातात धरायच्या, जी जड लागेल ती घ्यायची.

रील बघून आलेला प्रत्येक जण पापलेट मागतो. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. कारण कौतुकाचं आहे, तसंच काळजीचंही. लहान पापलेट पकडून पकडून त्याची पैदास कमी होत गेली. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. थाळीत तळहातापेक्षा लहान पापलेट आलं तर ते एकदाही अंडी न घालता तव्यावर आलेलं पिल्लू असण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा "आज ताजं काय आलंय?" हा प्रश्न विचारावा. बांगडा, मांदेली, बोंबील, तिसऱ्या स्वस्तही पडतात आणि बहुतेक वेळा ताज्याही असतात. काट्याची भीती असेल तर सुरमईची तुकडी किंवा कोळंबी बरी.

भाव मात्र आधी विचारायचा. थाळीत भाकरी किती, रस्सा पुन्हा मिळतो का, तुकडी एक की दोन, हे बसण्याआधी ठरलं की बिलावरून वाद होत नाही. भाकरी तांदळाची असेल, ज्वारीची नाही. सोबत सोलकढी घ्या, तिखट उतरतं.

आणि जून-जुलैमध्ये "आत्ताच बोटीतून आला" असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. या दिवसांत खाडीतली किंवा बिनयंत्राच्या होडीने आणलेली थोडी मासळी मिळते. बाकीची बर्फातली, शेततळ्यातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे तिकडची मासळी इकडे येऊ शकते. १ ऑगस्टला बंदी उठते, पण कोळीवाड्यात दर्याला नारळ वाहिला जातो तो नारळी पौर्णिमेला. २०२६ मध्ये ती २८ ऑगस्टला आहे. म्हणजे १५ ऑगस्टच्या सुट्टीत थाळीचा बोर्ड सगळीकडे दिसेल, पण ताज्या मासळीचा खरा मोसम तेव्हा नुकता कुठे सुरू होत असतो.

सकाळी घेतलेला मासा रात्री भाजताना

कॅम्पिंगवाल्यांची नेहमीची चूक इथे होते. सकाळी बंदरावर लिलावातून वाटा घेतला, पिशवी गाडीच्या डिकीत टाकली, दिवसभर किल्ला बघितला आणि रात्री शेकोटीवर भाजायला काढला.

ताजा मासा ओळखणं सोपं आहे. कल्ले लाल, डोळे चमकदार आणि फुगीर, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं, वास समुद्राचा येतो, कुजका नाही. पण घेताना ताजा असलेला मासा उन्हात चार-पाच तास राहिला की गोष्ट बदलते. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात गरमीने हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं. आणि ते भाजून, तळून, उकळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, मळमळतं. लोक म्हणतात, "मसाला बाधला." बाधलेला असतो बर्फाचा अभाव.

म्हणून मासे घेताना थर्माकोलचा डबा आणि माशाच्या वजनाएवढा बर्फ सोबत हवाच. बर्फ मिळत नसेल तर मासे संध्याकाळीच घ्या. जानेवारीत गेलात तर आणखी एक सोपा पर्याय आहे, पोपटी. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरतात, भांबुर्ड्याचा पाला लावतात, आवडीप्रमाणे अंडी किंवा कोंबडी घालतात आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. शेकोटी पण झाली, जेवण पण झालं.

कोळंबी, चिंबोरी, शिंपल्या आयुष्यात पहिल्यांदाच खात असाल तर आधी थोडंच खा. काहींना याची अॅलर्जी असते आणि खाल्ल्याशिवाय ते कळत नाही. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. समुद्रात कुणी अडकलं तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. हे तिन्ही नंबर निघण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

घरच्यांसाठी ताजी मासळी नायगावपर्यंत न्यायचा मोह होतोच. पण एक रात्र आणि सहाशे किलोमीटर, वाटेत बर्फ वितळणार. त्यापेक्षा सुके बोंबील, सोडे, सुकट घ्या. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. गाडीत वास येईल, शेजारचा प्रवासी बोलेल, पण माल खराब होणार नाही.

निघण्याआधीची पाच मिनिटं

थोडक्यात सांगायचं तर फार काही करायचं नाहीये. ज्या दिवशी पोचणार त्या दिवसाची तिथी बघायची. पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आणि मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघायची. पोचायची वेळ ओहोटीची असेल तर समोर दिसणाऱ्या वाळूवर विश्वास ठेवायचा नाही. तंबू कचऱ्याच्या वरच्या ओळीच्या मागे, सुरूत किंवा वाडीत. पाणी उतरत असताना पाण्यात नाही. बर्फाशिवाय मासा नाही.

आणि पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत किनाऱ्यावरच्या एखाद्या मावशीला किंवा काकांना एवढंच विचारा, "आज पाणी कुठपर्यंत येतं?" ते हात करून जागा दाखवतील. सामान तिथून मागे ठेवा आणि मग चहा सांगा.